प्रधानमंत्री आवास योजना – ग्रामीण: पाया आखण्यापूर्वी

रायपूर जिल्ह्यातील आरंग, अभनपूर, तिल्दा किंवा धरसींवा विकासखंडात तुमचे घर मंजूर झाले असेल, तर आधी घराचा आकार ठरवा. स्वयंपाकाच्या जागेसह किमान 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट बांधकाम आवश्यक आहे. सपाट भागासाठी 1 लाख 20 हजार रुपये हप्त्यांनी थेट बँक खात्यात जमा होतात. मोठे घर बांधले तरी ही रक्कम वाढत नाही. पाया मोठा घेतला की पहिला हप्ता जोत्यातच संपतो, ठरलेला टप्पा गाठता येत नाही आणि पुढचा हप्ता अडकतो. म्हणून लहान सुरुवात करा व वाढीव खोलीसाठी एक बाजू मोकळी ठेवा.

जमीन कन्हार, म्हणजे काळी चिकण असेल तर जास्त काळजी घ्या. ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि भिंतींना तडे जातात. घट्ट थर लागेपर्यंत खणा. जूनच्या पावसाआधी पाया भरून झालेला बरा.

रोजगार हमीतून 90 दिवसांची अकुशल मजुरी वेगळी मिळते. गवंड्याची मजुरी मात्र मदतीच्या रकमेतूनच द्यायची असते, म्हणून दर आधी ठरवा. काम ठेकेदाराला सोपवता येत नाही. टप्प्याच्या जिओ-टॅग फोटोसाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नका. जनपद पंचायतीत लेखी तक्रार करा.