माती चाळणारा मासा

दुष्काळानें गांजलेल्या तासगांव, खानापूर, आटपाडी या टापूंतील पुष्कळ माणसें सोनें-चांदी गाळण्याचें कसब घेऊन देशभर पसरलीं. त्यांना गलाईवाले म्हणतात. जुन्या दागिन्यांतून, प्रसंगीं सोनाराच्या दुकानांतील केरकचऱ्यांतूनही, शुद्ध धातू वेगळा काढणें ही त्यांची विद्या. दक्षिण अमेरिकेच्या नद्यांत एक मासा जन्मभर असाच उद्योग करीत असतो. तोंडभर वाळू उचलावी, ती आंतल्या आंत घोळावी, अळी-किड्याचा कण तेवढा ठेवून घ्यावा आणि उरलेली वाळू कल्ल्यांच्या फटींतून बाहेर सोडावी, हा त्याचा नित्यक्रम. हाच मासा आज गांवोगांवच्या हौशी घरांतून कांचेच्या पेटींत पाळला जातो. आणि त्याच्या कुळाचा इतिहास पाहूं गेल्यास तो थेट कृष्णाकांठापर्यंत येऊन पोंचतो.

या माशाला नांव मिळालें तें व्हिएन्ना नगरींत, १८४० सालीं. योहान नाटेरर हा संग्राहक १८१७ पासून १८३५ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षें, ब्राझीलच्या अरण्यांत राहिला. त्यानें पाठविलेल्या माशांची छाननी योहान याकोब हेकेल या पंडितानें केली आणि त्यांतील एका गटाला ‘जिओफेगस’, म्हणजे मातीखाऊ, असें ग्रीक नांव दिलें. मराठींत माती खाणें हें दूषण आहे, आणि या माशाच्या बाबतींत तर तें सपशेल अन्यायाचें. तो माती खात नाहीं, ती पाखडतो. गृहिणी सुपांत धान्य घेऊन खडा वेगळा करते, त्याच जातीचें हें काम. त्याच्या कुळांतील, म्हणजे सिक्लिड कुळांतील, सर्व माशांना मुखांतील जबड्यांखेरीज घशांतही एक जबडा असतो. पुढचा जबडा उचलतो, मागचा दळतो. अशी दुहेरी सोय असल्यामुळें या कुळानें नाना तऱ्हेचें अन्न पचविलें व नाना तऱ्हेचीं पाणीं जिंकलीं.

हें कूळ आपल्यास सर्वस्वीं परकें नाहीं. बर्लिनचा वैद्य मार्कुस ब्लॉक यानें १७९० मध्यें एका भारतीय माशाचें वर्णन केलें आणि त्याला सुरतेच्या नांवावरून ‘सुराटेन्सिस’ म्हटलें. गोमंतकांत ज्याला कालुंदर म्हणतात व केरळांत करिमीन, तोच हा मासा. खाडीच्या मचूळ पाण्यांत राहणारा. दुसऱ्याच वर्षीं, १७९१ मध्यें, त्याच ब्लॉकनें सुरिनाममधील एका माशाला ‘सुरिनामेन्सिस’ हें नांव दिलें. हेकेलच्या मातीखाऊ गटांत पुढें तो जाऊन बसला. एक सुरतेचा, दुसरा सुरिनामचा, आणि दोघेही एकाच कुळांतले, हें त्या वैद्याच्या ध्यानींमनींही नव्हतें. खंडें एकत्र होतीं त्या काळापासूनचें हें नातें, कीं त्यांचे पूर्वज मागाहून समुद्रमार्गें पसरले, याविषयीं पंडितांत अद्याप एकमत नाहीं.

मासे पाळून त्यांचें निरीक्षण करण्याची आवड मात्र या भूमींत युरोपाकडून आलेली नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द ११२६ ते ११३८) याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मत्स्यविनोदाचें स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांचें खाद्य, त्यांना पकडण्याच्या युक्ती यांचा त्यांत विचार आहे. दक्षिण महाराष्ट्र त्या काळीं चालुक्यांच्याच छत्राखालीं होता. राजाचा विनोद हा अखेर शिकारीचाच विनोद, हें खरें. पण कोणत्या माशाला कोणतें अन्न प्रिय, हें पाण्याकडे टक लावून बसल्याखेरीज कळत नाहीं.

त्यानंतर सात शतकांनीं मुंबई इलाख्याच्या नोकरींतील कर्नल विल्यम साइक्स यानें दख्खनच्या नद्यांतील माशांचीं वर्णनें लिहिलीं. त्याच्या पद्धतींत एक गोष्ट लोभस आहे: कोळ्यांच्या तोंडचीं मराठी नांवें त्यानें लॅटिनांत जशींच्या तशीं बसविलीं. शिंगाळा तेथें ‘सीनघाला’ झाला आणि वाळू-गोट्यांच्या तळाशीं वावरणारा मुरे ‘मूरेह’ झाला. शास्त्रज्ञांच्या यादींत १८३९ पासून आजतागायत हीं नांवें टिकून आहेत.

कांचेची पेटी आली ती मात्र विलायतेहून. लंडनमध्यें १८५० सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन यानें असें दाखविलें कीं, मासा व पाणवनस्पति एकत्र ठेवल्यास पाणी वरचेवर न बदलतांही मासा जगतो. तेथील प्राणिसंग्रहालयांत १८५३ मध्यें मत्स्यगृह उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं फिलिप गॉस याच्या पुस्तकानें घरोघरीं या छंदाचें वेड पसरविलें. मुंबईंत चौपाटीच्या रस्त्यावर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं खुलें झालें, तेव्हां महाराष्ट्रांतील असंख्य मुलांनीं जिवंत मासा समोरून, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून, पहिल्यानें पाहिला. त्यापूर्वीं मासा दिसे तो वरून, पाण्यांतून, नाहीं तर बाजाराच्या टोपलींत.

वॉरिंग्टनचें गणित अपुरें होतें, हें पुढें कळलें. माशाच्या विष्ठेंतून अमोनिया हें विष उत्पन्न होतें. त्याचें नायट्राइट व पुढें नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतू हेच पेटीचे खरे रखवालदार. ते गाळणींत वस्तीला येण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तितका धीर नसलेले मालक पहिल्याच पंधरवड्यांत मासे गमावतात व दोष दुकानदाराला देतात. मातीखाऊ मासा तर या बाबतींत फारच नाजूक. तो वीत-सव्वावीत वाढतो. म्हणून त्याला तीनशे लिटरांच्या खालची पेटी नको. २६ ते २९ अंश उष्णता, पांच-सहा सोबती आणि दर आठवड्यास चौथा-तिसरा हिस्सा ताजें पाणी एवढें मिळालें तर तो स्वभावानें शांत राहतो. विणीच्या दिवसांत तेवढा जरा तापट होतो.

सर्वांत मोठी गरज वाळूची. ती बारीक व गोलसर पाहिजे. धारदार खडी घातल्यास त्याचें तोंड व कल्ले सोलवटतात, आणि शोभेसाठीं नुसती कांच उघडी ठेवली तर तो उपाशी नसला तरी निरुद्योगी होतो. अशा पेटींत मासा जगतो, पण त्याला पाळल्याचें फळ पदरीं पडत नाहीं. कारण तो वाळू चाळतो तेंच तर पाहण्यासारखें. तासगांवच्या बाजूला वाळू म्हटली कीं येरळा आठवते. त्या नदीच्या वाळूचा उपसा अनिर्बंध चालला, तेव्हां १९८० च्या दशकांत खानापूर तालुक्यांतील बलवडी-तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनीं वाळूवर गांवाचा हक्क सांगितला आणि मर्यादित वाळू विकून बळिराजा स्मृति धरण उभारलें. नदीच्या तळाला मोल आहे, हें तेथें माणसांनीं भांडून शिकून घेतलें. माशांना तें मुळांतच ठाऊक असतें.

आतां कुळाची दुसरी शाखा. हेकेलनें जिओफेगस हें नांव दिलें त्याच १८४० सालीं अँड्र्यू स्मिथ यानें आफ्रिकेच्या एका सिक्लिडाला ‘टिलापिया’ म्हटलें. त्स्वाना भाषेंत मासा या अर्थाचा जो शब्द, त्यावरूनच तें घेतलें. मोझांबिकचा टिलापिया १९५२ मध्यें सिलोनमार्गें भारतांत आणला गेला. स्वस्त अन्न मिळावें हा हेतु चांगलाच होता. पण हा मासा दोन-तीन महिन्यांचा झाला कीं वितो, मादी अंडीं व पिलें तोंडांत सांभाळते आणि नर वाळूंत खळगे करून तळ अडवून बसतो. १९५९ मध्यें त्याच्या प्रसारावर बंदी आली, तोंवर तो तळ्यांतून नद्यांत निसटला होता. कृष्णेच्या खोऱ्यांत तो पसरला, आणि उजनीच्या विस्तीर्ण जलाशयांत तर कोळ्यांच्या जाळ्यांत त्याचाच भरणा होऊं लागला; शिंगाळा व मुरे यांच्या वांट्याचा तळ त्या मानानें आंखडला.

म्हणूनच पेटींतील मासे जास्त झाले असतां ते दुकानदाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत; येरळेच्या डोहांत वा गांवच्या विहिरींत सोडूं नयेत. सुरिनामकडचा मासा या पाण्यांत तग धरणार नाहीं, अशी खात्री कोणी देऊं नये. आरोग्यखात्यानें डासांच्या अळ्यांसाठीं वांटलेला गप्पी मासा त्याच मुलखांतला, आणि तो येथील डबक्यांत सुखानें नांदत आहे. टिलापियाचें तर नांवही बदललें. भिगवणच्या खाणावळींत आज जो ‘चिलापी’ मागवितात, तो इतका मराठी वाटतो कीं त्याचें मूळ गांव मोझांबिक, हें वाढणाऱ्यालाही सहसा माहीत नसतें.