अर्धी पट्टी खाली

लॉजिक या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा ट्रॅक उघडला की नावाशेजारी एम, एस आणि आर ही बटणं दिसतात. म्यूट, सोलो, रेकॉर्ड. माझ्याकडे प्रोग्रामिंग शिकायला येणारी मुलं ती लगेच वापरायला लागतात आणि मग त्यांचा विचारही करत नाहीत. मला मात्र त्यांत माणसं दिसतात. एकेकाळी ही पगारी कामं होती. ती कुणाची होती हे ठाऊक असलं की बटण कुठवर ताणायचं याचाही अंदाज येतो.

माझे वडील फिल्मी वाद्यवृंदात व्हायोलिनच्या मागच्या रांगेत बसायचे. ताडदेवचं फिल्म सेंटर, वांद्र्याचं मेहबूब, अशा ठिकाणी गायक, तंतुवाद्यं, ताल, सगळे एकाच टेकमध्ये वाजवत. स्टँडवर गोव्याच्या अरेंजरांनी लिहिलेले पार्ट. सेबॅस्टियन डिसोझा हे त्यांतलं मोठं नाव. शेवटच्या अंतऱ्यात ट्रम्पेट घसरला की गाणं पुन्हा पहिल्यापासून. म्यूट म्हणजे अरेंजरचा उचललेला तळहात. सोलो हा प्रकारच नव्हता. एकटी बासरी ऐकायची तर बाकीच्यांना गप्प बसवावं लागे.

आर हे बटण या तिघांत सर्वांत कष्टानं मिळालेलं. गिटारवादक लेस पॉलला अँपेक्स कंपनीनं १९५७ साली आठ ट्रॅकचं टेप मशीन दिलं. एका ट्रॅकवर गिटार वाजवून ठेवायची, ती ऐकत पुढच्यावर दुसरी. यात गोम अशी, की टेप आधी रेकॉर्ड हेडवरून जाते आणि नंतर प्लेबॅक हेडवर येते. जुना ट्रॅक प्लेबॅक हेडवरून ऐकला तर नवा तेवढाच मागे पडणार. अँपेक्सनं जुने ट्रॅक रेकॉर्ड हेडवरूनच ऐकवले आणि प्रश्न सुटला. आज गायिका एकटी डबिंगला येते, हेडफोनमध्ये अख्खा ट्रॅक ऐकते, चुकली तर तेवढीच ओळ आपण पंच करतो, ते या युक्तीच्या पुण्याईवर.

बटणांइतकेच हाताशी असतात ते मिडी इफेक्ट; मिडी म्हणजे यंत्रानं यंत्राला स्वरांच्या सूचना द्यायची भाषा. त्यांची गोष्ट मात्र मी मुंबईपासून सुरू करते. १९८२ साली चरणजित सिंग यांनी एचएमव्हीसाठी एक रेकॉर्ड केली: दहा राग, खाली डिस्कोचा ठेका. सिंग फिल्मी गाण्यांत वाजवणारे सेशन वादक. हाताशी रोलँडची तीन यंत्रं: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३, म्हणजे बेस वाजवणारं छोटं खोकं. ३०३ मध्ये स्वरावरून स्वरावर घसरत जायची सोय होती. कंपनीनं ती बेस गिटारच्या नकलेसाठी ठेवलेली, पण रागाखाली तिची मींडच होते. ज्युपिटरमध्ये अर्पेजिएटर होता: चार पट्ट्या दाबून धरा, यंत्र त्यांतले स्वर एकामागून एक वाजवणार. चढते, उतरते, चढ-उतार किंवा वाटेल तसे. आज लॉजिकच्या मिडी एफएक्सच्या खाचेत जो अर्पेजिएटर बसवतो त्याचं हे आजोळ.

रेकॉर्ड तेव्हा चालली नाही. २०१० मध्ये एका डच कंपनीनं ती पुन्हा काढली आणि जगभरच्या लोकांना त्यात शिकागोचं अ‍ॅसिड हाऊस हे नृत्यसंगीत ऐकू आलं, तेही शिकागोच्या पाच वर्षं आधीचं. उतारवयात सिंग युरोपात वाजवूनही आले. २०१५ साली ते गेले. माझ्या मते अ‍ॅसिड हाऊसचा शोध कुणी लावला हा वाद फुकटचा आहे. यंत्रांची जुळणी मला जास्त महत्त्वाची वाटते. ८०८ आणि ३०३ एका लयीत ठेवायला पाच पिनांची वायर लागे. मिडीची वाटावी अशीच, पण मिडी नव्हे. त्यातून फक्त टिकटिक जायची, एका मात्रेला २४ ठोके, आणि सुरू-बंदचा इशारा. कोणता स्वर, किती जोरात, याचा पत्ता नाही.

तो पत्ता सिंग यांच्या रेकॉर्डच्या पुढच्याच वर्षी मिळाला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात डेव्ह स्मिथ यांच्या कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि इकुतारो काकेहाशींच्या रोलँडचा ज्युपिटर-६ मिडीच्या वायरनं जोडले गेले. एकावर वाजवलं की दुसरा बोलू लागला. वायरीतून आवाज जात नाही, सूचना जाते: अमुक पट्टी, अमुक जोर, ० ते १२७ मध्ये. म्हणजे वडिलांच्या स्टँडवरचा कागदच. मिडी इफेक्ट वाद्याच्या आधी बसतो आणि कागदावर खाडाखोड करतो. रिव्हर्ब वाद्याच्या नंतर बसतो आणि आवाजावर काम करतो. टिकटिकीचे २४ ठोके मात्र मिडीनं तसेच ठेवले.

क्वांटाइझ, म्हणजे मागेपुढे पडलेले ठोके नेमक्या जागी ओढणं, मिडीहून जुना. रॉजर लिन यांच्या १९८० च्या एलएम-१ ड्रम मशीनमध्ये तो होता आणि सोबत स्विंगही. स्विंग ५० म्हणजे सरळसोट, ६६ म्हणजे तिस्र अंगाची झोकांडी. आमची पोरं ‘क्वांटाइझ मार’ म्हणतात आणि केहरव्याचा जीव जातो. माझ्या कानाला केहरवा ५६-५८ च्या आसपास बसतो. पण तबलजी समोर असेल तर मी आकडा विसरते आणि त्याचं वाजवणं आहे तसं ठेवते.

हे सगळं कॉम्प्युटरवर आणलं अटारी एसटीनं. १९८५ चं हे यंत्र, मिडीची भोकं मागून न जोडता अंगातच असलेलं. हँबुर्गच्या सी-लॅबनं त्यावर क्रिएटर आणि नोटेटर हे सीक्वेन्सर लिहिले; तीच मंडळी पुढे इमॅजिक झाली, लॉजिक घडवलं, आणि २००२ मध्ये अ‍ॅपलनं ती कंपनी घेतली. जुन्या लॉजिकमध्ये अर्पेजिएटर हवा असेल तर एन्व्हायर्नमेंट नावाच्या खिडकीत शिरून वायरी ओढाव्या लागत. २०१३ च्या लॉजिक प्रो टेनपासून ट्रॅकवर एक खाच आली: अर्पेजिएटर, ट्रान्सपोजर, कॉर्ड ट्रिगर, काय हवं ते टाका.

यातला ट्रान्सपोजर मला जिव्हाळ्याचा, कारण ‘ताई, अर्धी पट्टी खाली घ्या ना’ हे वाक्य डबिंगला हमखास येतं. वडिलांच्या काळी यावर रातोरात पार्ट पुन्हा लिहिले जात. आता उणे एक. फक्त घाईत सगळं गाणं निवडून खाली ओढू नये. ड्रमच्या ट्रॅकवर पट्टी म्हणजे स्वर नसतो, वाद्य असतं: १९९१ पासूनच्या ठरलेल्या मिडी यादीत ४२ म्हणजे बंद हायहॅट आणि ४१ म्हणजे फ्लोअर टॉम. अर्ध्या पट्टीत अख्खी हायहॅट ढमढम वाजू लागते. ट्रॅकच्या डावीकडच्या चौकटीत ‘नो ट्रान्सपोज’ असा एक खण आहे. ड्रमचा ट्रॅक उघडताक्षणी त्यावर टिक करायची, मग गायिकेला चहा विचारायचा.