आधण आणि किटली

चहाची चटक आम्हांस इंग्रजी अमलांत लागली. पण तो करण्याची इंग्रजी रीत आम्हीं उचलली नाहीं. त्या रीतींत विस्तवाचा संबंध पाण्यापुरताच. उकळतें पाणी पत्तीवर ओतावें, झांकून मुरूं द्यावें, दूध मागाहून पेल्यांत घालावें. १९०३ सालीं निर्यातीच्या चहावर कर बसला. त्याच्या उत्पन्नावर पुढें ज्या जाहिराती निघाल्या, त्यांनीं आम्हांस हेंच शिकविलें. आमच्या गृहिणींनीं मात्र पाणी, साखर, पूड, आलें आणि दूध एकाच पातेल्यांत उकळलें. रसिक ह्यास काढा म्हणतात. म्हणोत बापडे! थोड्या, स्वस्त पुडींतून पुरता कस काढावयाचा, तर उकळणेंच प्राप्त होतें.

विजेची किटली ही त्या पहिल्या रीतीची लेक. १९२२ सालीं बर्मिंगहॅम येथें तिचा तापणारा भाग प्रत्यक्ष पाण्यांत बुडविण्यांत आला. १९५५ च्या सुमारास आधण येतांच आपोआप बंद होणारी किटली निघाली. तिच्यांत दूध घातलें, तर तें तळाशीं करपतें आणि उतूंहि जातें. विलायतेंतील कित्येक मराठी घरांत किटली असते खरी. पण तींतलें आधण ओतलें जातें तें चुलीवरच्या पातेल्यांत.