शेळीचे दात आणि वेडी बाभूळ

2006 साली केनियातल्या बारिंगो तळ्याकाठच्या इल्चामुस पशुपालकांनी थेट सरकारविरुद्ध नैरोबीच्या कोर्टात धाव घेतली. पुरावा म्हणून सोबत काय नेलं असेल? एक शेळी. तिच्या तोंडात दातच नव्हते!

दोषी होतं एक झाड. प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा, म्हणजे आपली वेडी बाभूळ. सोलापूरकडे जाताना रस्त्याच्या कडेला, ओढ्याकाठी, आटलेल्या तळ्यात जी हिरवीगार काटेरी झुडपं दिसतात ना, तीच ही. 'आपली' म्हटलं तरी ती मूळची मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं या भागातली. भारतात ती 1877 च्या सुमारास आली.

आणणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता बरं का. कोरड्या मुलखात सरपण हवं होतं आणि पसरणारी वाळू अडवायची होती. जोधपूर संस्थानाने तर 1940 मध्ये तिला 'शाही झाड' ठरवलं. 1960 च्या दशकात गुजरातच्या वनखात्याने कच्छचं रण पुढे सरकू नये म्हणून बन्नीच्या गवताळ प्रदेशात ती लावली. बारिंगोला ती आली 1980 च्या दशकात, सरपणाच्या योजनेतून.

कागदावर निवड अगदी चोख होती. पाणी कमी लागतं, वाढ झपाट्याने होते, गुरं पाला खात नाहीत, तोडली तरी बुंध्यातून पुन्हा फुटते. आता हीच यादी उलट्या बाजूने वाचा. थांबवायचं कसं याचा एकही मुद्दा त्यात नाही!

शेंगा गोड असतात. गुरं त्या आवडीने खातात, बिया शेणातून बाहेर पडतात आणि उरलेलं काम पुराचं पाणी करतं. म्हणून नदीकाठ आणि तळ्याचा काठ आधी जातो. काठावर काट्यांची भिंत उभी राहिली की गवत संपतं आणि गुरांची पाण्याकडे जायची वाट बंद होते. मग शेळ्या नुसत्या शेंगांवर जगतात, आणि शेंगांतल्या साखरेने त्यांचे दात किडतात. कच्छमध्ये तिला 'गांडो बावळ' म्हणतात, म्हणजे वेडी बाभूळच. दोन भाषांतल्या लोकांनी तिला एकच नाव द्यावं, यात सगळं आलं.

मग सरसकट उपटून टाकायची? 2017 मध्ये मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठाने तमिळनाडूत ती काढायचे आदेश दिले. पण आज बन्नीत कित्येक घरांची चूल तिच्या कोळशावर पेटते, आणि ज्यांच्याकडे गॅस नाही त्यांचं सरपणही तीच. म्हणजे ती आल्यामुळे ज्यांची कुरणं गेली, ती गेल्यावर पुन्हा त्यांचाच रोजगार जाणार!

मला वाटतं, काढायची तर तळी आणि नदीकाठ आधी मोकळे करावेत, आणि तेही मुळासकट, कारण नुसती छाटली तर ती दुप्पट जोमाने येते. तिथे पुन्हा गवत धरेपर्यंत काठावरच्या माणसांच्या हाताला काम द्यावं. आणि पुढच्या वेळी कुणी 'बहुगुणी' झाड घेऊन आलं, तर लावण्याआधी शेळ्या राखणाऱ्यांना विचारावं. दात पडल्यावर कोर्टात नको.