एकाच टेबलावर

मनमाडहून पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो, तेव्हा पहिला महिना मेसमध्ये एकटाच जेवलो. आडनाव विचारून झालं की समोरच्याचं बोलणं संपायचं.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांनी तिथेच सांगितलं. त्या भाषणाबद्दल मी लहानपणापासून ऐकत होतो. मेसमध्ये मात्र मला आठवायचा तो त्याआधीचा विद्यार्थी भीमराव.

एल्फिन्स्टन कॉलेजात हॉटेलवाला त्यांना चहा-पाणी देत नसे. १९१३ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे इतरांबरोबर एकाच टेबलावर जेवता आलं. वसतिगृहात नवल भथेना हा पारशी तरुण भेटला. १९२० मध्ये अर्धवट राहिलेल्या शिक्षणासाठी लंडनला परतताना याच भथेनांनी त्यांना पैसे उसने दिले. होस्टेलवरची ओळख आयुष्यभर टिकली.

दुसऱ्या महिन्यात एका मुलानं माझ्यासमोर ताट ठेवलं. त्यानं आडनाव विचारलं नाही. मनमाडला गाडी किती वेळ थांबते, एवढंच विचारलं.