बीचव्हिलचा सामना आणि चुकलेला राजा

कॅनडातला पहिला बेसबॉल सामना 4 जून 1838 रोजी ओंटारिओतल्या बीचव्हिल या खेड्यात झाला, असे सांगितले जाते. 1988 साली कॅनडाच्या टपाल खात्याने 150 वर्षांचे तिकीटही काढले. या तारखेचा सारा भार मात्र एकाच पत्रावर आहे. ते छापले गेले 5 मे 1886 रोजी, ‘स्पोर्टिंग लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकात. म्हणजे घटनेनंतर 48 वर्षांनी. पत्रलेखक डॉ. अ‍ॅडम फोर्ड तेव्हा डेन्व्हरला राहत होते. त्यांचा जन्म 1831चा. सामन्याच्या वेळी वय सुमारे सात. सामन्याचा समकालीन वृत्तांत हाती नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर हा पुरावा बखरीच्या जातीचा: फेकून देता येत नाही आणि जसाच्या तसा घेताही येत नाही.

पत्रातला तपशील मात्र थक्क करतो. पिळलेल्या लोकरी धाग्याचा चेंडू, वर वासराचे कातडे. शिवणारा गावचा चांभार. दांडू देवदाराचा, कुऱ्हाडीने ओबडधोबड घडवून मग तासलेला. बेसना तेव्हा ‘बाय’ म्हणत आणि ते पाच होते. गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीत, हाताच्या टप्प्यात आलेला चेंडूच योग्य मानला जाई. खेळाडूंची नावे देताना एका नावापाशी फोर्ड ‘मला वाटते’ असे जोडतात. आपली शंका आपणच नोंदवणारा साक्षीदार विश्वास वाढवतो.

आता चूक. त्या दिवशी चौथ्या जॉर्जचा वाढदिवस म्हणून सुट्टी होती, असे फोर्ड लिहितात. पण चौथा जॉर्ज 1830मध्येच वारला होता आणि त्याचा जन्म ऑगस्टचा. 1838मध्ये गादीवर व्हिक्टोरिया होती. 28 जूनला तिचा राज्याभिषेक झाला. 4 जून हा वाढदिवस तिसऱ्या जॉर्जचा, आणि त्या दिवशी नागरी सैन्याची हजेरी घेण्याची प्रथा अप्पर कॅनडात, म्हणजे आजच्या ओंटारिओत, होती. स्कॉटिश स्वयंसेवकांची तुकडी मैदानापाशी थांबून खेळ पाहू लागली, ही पत्रातली आठवण त्या प्रथेशी जुळते. राजा चुकला, पण दिवस बसतो. वर्षाला आधार तिथल्या 1837च्या सरकारविरोधी बंडाचा: ते नुकतेच मोडले होते, असे पत्र म्हणते. दिवस प्रथेने टिकतो, वर्ष मात्र लहानपणी ऐकलेल्या बंडाच्या आठवणीवर. म्हणून दिवस संभाव्य, वर्ष त्याहून थोडे कच्चे, असे मी मानतो.

1988मध्येच नॅन्सी बूशिए आणि रॉबर्ट बार्नी या अभ्यासकांनी पत्रातली नावे स्थानिक दप्तरांशी ताडून पाहिली. त्यातली माणसे खरोखरच त्या परिसरात होती. याने माणसे सिद्ध झाली, सामना नव्हे.

तुलनेला दुसरे पत्र घ्यावे. 1905मध्ये अ‍ॅब्नर ग्रेव्ह्ज यांनी लिहिले की, बेसबॉल 1839च्या सुमारास अमेरिकेतल्या कूपर्सटाउनमध्ये अ‍ॅब्नर डबलडेने शोधला. ग्रेव्ह्जही डेन्व्हरचेच रहिवासी, आणि 1839मध्ये त्यांचे वय पाच. पण डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या सैनिकी शाळेत होता. ही कथा पहिल्याच तपासणीत कोसळते. फोर्ड यांची तग धरते. दोघांची गाठ पडली असेल का? हा तर्क मोहक आहे, पण पुराव्याविना तो इथेच सोडलेला बरा.

उरते ‘पहिला’ हे विशेषण. त्याला फोर्ड यांचेच पत्र छेद देते. केस पिकलेले खेळाडू जुन्या नियमांवर अडून बसत, कारण लहानपणी ते तसेच खेळले होते, असे ते लिहितात. हे खरे असेल तर खेळ 1838हून एका पिढीने तरी जुना ठरतो. बीचव्हिल ज्या ऑक्सफर्ड परगण्यात आहे, तिथले अनेक जुने वसाहतकरी अमेरिकेतून आले होते. खेळही त्यांच्याबरोबर आला असावा. हा मात्र माझा अंदाज. पत्राने जपली ती जन्मतारीख नव्हे, एक चालत आलेला रिवाज.