एका पौंडाची कंपनी

कंपनी बुडाली म्हणतात तेव्हा आधी विचारायचं, बुडालं कोण?

इंग्लंडातल्या होमबेसचा इतिहास बघा. सेन्सबरी आणि बेल्जियमची एक कंपनी यांनी १९७९ साली ती काढली. १९८१ ला क्रॉयडनमध्ये पहिलं दुकान उघडलं. रंग, खिळे, फरशा, नळ, बागेची रोपं असं घराच्या डागडुजीचं सारं सामान एका छपराखाली.

२०१६ साली ऑस्ट्रेलियाच्या वेसफार्मर्सनं ही कंपनी ३४ कोटी पौंडांना घेतली. आल्या आल्या जुने वरिष्ठ अधिकारी घालवले, घरसजावटीचा माल कमी केला आणि आपल्या बनिंग्ज दुकानांची तऱ्हा इथं लादली. गिऱ्हाईक तुटलं. मे २०१८ मध्ये तीच कंपनी हिल्कोला विकली. कितीला? एका पौंडाला!

मालकाचं नुकसान झालं, खोटं नाही. पण मायदेशी त्याची दुकानं शाबूत होती. काउंटरवरच्या माणसाजवळ काय होतं? धोरण त्यानं ठरवलं नव्हतं. तरी त्याच ऑगस्टात ४२ दुकानं बंद करायचं ठरलं आणि दीड हजारांपर्यंत नोकऱ्यांवर गदा आली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये उरलेली कंपनीही दिवाळखोरीत निघाली, कारभार प्रशासकांच्या हाती गेला. 'द रेंज'च्या मालक कंपनीनं ७० पर्यंत दुकानं घ्यायचं ठरवलं, होमबेस हे नावही घेतलं. सोळाशेपर्यंत नोकऱ्या वाचतील असं सांगितलं. बाकीच्या दोन हजार टांगणीला लागल्या. नावाला लगेच गिऱ्हाईक मिळालं, माणसांना मिळालं नाही.

आता कायदा बघा. तिथं कंपनी बुडाली की देणेकऱ्यांची रांग लागते. मालमत्ता गहाण ठेवून घेणारा पुढं. कामगाराच्या थकल्या पगाराला अग्रहक्क आहे, पण शेवटच्या चार महिन्यांचा, आणि तोही ८०० पौंडांपर्यंतच. हा आकडा १९८६ च्या नियमांतला. तेव्हापासून पाव महागला, घरभाडं महागलं, आकडा हलला नाही. नोकरी गेल्याची भरपाई सरकारी निधीतून मिळते, पण दोन वर्षं नोकरी झालेल्यालाच, आणि तिलाही मर्यादा.

म्हणजे कंपनीची किंमत दोन वर्षांत ३४ कोटींवरून एका पौंडावर येऊ शकते, पण कामगाराचे ८०० काही वाढत नाहीत. एक नशिबानं घडत नाही, दुसरंही नाही. दोन्ही माणसांनीच कागदावर सह्या करून ठरवलेलं असतं.

म्हणून कारखान्याच्या, दुकानाच्या दारात घोषणा जरूर द्या. पण त्याआधी ही रांग कुणी लावली, ते वाचून या.